शेंडा

गौस रद्दीवाल्याकडून मी
अर्धा किलो वनस्पतिशास्त्र आणलं.
मुखपृष्ठ नव्हतं, पहिली अकरा पानं नव्हती,
त्यामुळे वनस्पती म्हणजे काय
हे मला अजून ठाऊक नाही.
मी थेट पानापासून सुरू केलं.

पान मला येतं.
नवव्या वर्षापासून साठीपर्यंत
रोजची हजार पानं या बोटांखालून गेली,
रात्री भिजवलेली, फडक्यात गुंडाळलेली,
पत्र्याच्या फर्म्यावर कापलेली.
शीर जाड राहिली तर बिडी फुगते,
चेकर ती छाटात टाकतो,
मजुरी कापतो, आणि बिडी ठेवून घेतो.
पुस्तकात याला जाळीदार शिराविन्यास म्हणतात.
मी तो शब्द तीनदा मोठ्यानं वाचला.
भिंतीपलीकडून महानंदा म्हणाली,
"हौसाक्का, कुणाला शिव्या घालताय सकाळी सकाळी?"

वांगी मी मोजली होती,
पावशेरात किती चढतात ते.
वांग्याचं फूल कधी मोजलं नव्हतं.
परसात दोन झाडं. गौसनंच फुकट दिलेलं भिंग
चष्म्यापुढं धरून जांभळ्या पाकळ्यांत डोकावले.
पाच. पिवळे, एकमेकांना खेटून उभे.
पुंकेसर.
मिरचीला पाच.
टोमॅटोनं घोळ घातला, एका फुलात सहा निघाले,
मी त्याला पुन्हा मोजलं, तरी सहाच.
सून म्हणाली, "आत्ती, भाजी करायची हाय
का तिचं शाळेत नाव घालायचंय?"

पान एकशे सात, खाली, बारीक अक्षरात:
वांगं, बटाटा, टोमॅटो, मिरची, धोतरा,
तंबाखू.
एकच कुळ.

पुस्तक मिटलं. पुन्हा उघडलं.
सुपारी फुटल्यावर कळावं
की नवरदेव आपल्याच भावकीतला, तसं झालं.
ज्याची धूळ माझ्या पदरात, भाकरीत,
आणि डॉक्टर म्हणतात छातीतसुद्धा,
तो माझ्या कालवणातल्या सगळ्यांचा चुलता.
त्या रात्री वांगं खाताना
मी जरा जपूनच चावलं.

नात अक्षता कन्नड शाळेत आहे.
ती म्हणाली, आज्जी, होगेसोप्पु. धुराचा पाला.
पुस्तक म्हणतं निकोशियाना.
आमच्या निपाणीत पाट्यांवरून पुष्कळ भांडणं झाली,
मी तिन्ही नावं वीजबिलामागं
एकाखाली एक लिहिली.
जागा पुरली.

मग फुलाचं चित्र शोधू लागले.
ते पान फाटलेलं.
आणि तिथंच बसून राहिले,
कारण एक्कावन्न वर्षं तंबाखूत काढून
त्याचं फूल मी पाहिलं नव्हतं.
कळी धरायच्या आत शेंडा खुडतात,
जोर पानात उतरावा म्हणून.
मला चौथीतून उठवून सुपापुढं बसवलं
तेव्हा आईनं कारण सांगितलं नव्हतं.

पौषात अक्कोळची बस धरली.
बाळगोंडा पाटलांच्या बांधाला
बियाण्यासाठी राखलेली चार झाडं होती.
"बी पायजे व्हय, अक्का? शेत कुठाय तुमचं?"
म्हटलं, "बघायचंय नुसतं."
माझ्याहून हातभर उंच,
आणि वर फिकट गुलाबी नळ्या,
तोंडाशी पाच टोकं, बोटाला चिकट.
वास तो नव्हता.
मी पुन्हा हुंगलं. तो नव्हताच.

भिंग लावलं. पाच,
पण चारच सारखे, पाचवा बुटका,
नळीत खाली मागं राहिलेला.
हे पुस्तकात असेल नसेल,
ते पान फाटलंय.
बिलामागं लिहिलं: एक आखूड.

पाटलांनी भिंग मागून घेतलं.
बराच वेळ वाकून होते.
"चाळीस वर्सं खुडतोय मी ह्ये," म्हणाले,
आणि मग, "काय म्हणायचं ह्याला?"
सांगितलं.
त्यांनी तो शब्द मोठ्यानं म्हटला,
जपून, एकेक अक्षर,
तोवर फाट्यावर माझ्या बसचा हॉर्न वाजून गेला.