इतर

मकरपुरा जीआयडीसीत, शेड चारशे बारा,
आम्ही मासे गोठवायची यंत्रं बनवतो.
दोन गार पत्रे, मधे मासा.
मालक जिग्नेशभाई कांदासुद्धा खात नाहीत.
त्यांनी विचारलंय, चपटा मासा कुठल्या देशात किती,
वाढतोय की घटतोय.
सोमवारपर्यंत, कर्णिकबेन, एका पानात.

तर मी तक्ता मांडून बसले आहे.
हॉलंडची रेघ उतरते,
अंधारात शेवटची पायरी चुकावी तशी.
कोरियाचा मासा एका बेटावर, सिमेंटच्या हौदात,
समुद्र न बघताच वजनावर येतो.
चीन उशिरा आला आणि रकान्यात मावेना;
मी रकाना रुंद केला.
नॉर्वेचा हॅलिबट: आकडा लहान, भाव मोठा,
दांडिया बाजारातल्या जुन्या सराफासारखा
गिऱ्हाईक नसतानाही ताठ.

भारताच्या ओळीत केरळ तेवढा भरलेला.
गुजरातपाशी कोरं.

दामजीला हाक मारली.
वेरावळचा खारवा, आमच्याकडे वेल्डिंग करतो.
काळा चष्मा कपाळावर सारून
त्याने पडद्यावरचं चित्र पाहिलं.
"आ तो जीभ," म्हणाला.
"जाळ्यात रोज येते. मोजतं कोण?
भुकटीच्या ढिगात जाते. इतर."

जीभ.
आमच्या घरी लेपा.
बाबा रविवारी स्टेशनामागे
बर्फातून उतरलेली पाटी गाठायचे,
आणि पिशवीवर मेथीची जुडी ठेवून
शेजाऱ्यांना नमस्कार करत घरी यायचे.
(एकच जुडी दोन रविवार चालते, असं आई म्हणायची.)
तळताना खिडकी बंद.
एकदा त्यांनी ताटातच दाखवलं:
बघ, दोन्ही डोळे एकाच अंगाला.
जन्मतो तेव्हा चारचौघांसारखा असतो,
मग वाळूवर आडवा होतो,
आणि खालचा डोळा
हाडं बाजूला सारत वर येतो.

दुखत असेल?

बाबा म्हणाले, काटे सांभाळ.

हे टनांत बसत नाही.
जिग्नेशभाईंना बाण हवेत, वर किंवा खाली;
जिथे बाण वर, तिथे यंत्राचं पत्र जाईल.
शून्य आणि नोंद नाही यांत फरक असतो,
अशी मी तळटीप देते.
तळटिपा ते वाचत नाहीत.

सोमवारी सकाळी दामजी गावाहून थेट कामावर.
माझ्या टेबलावर वर्तमानपत्राची पुडी ठेवतो,
वास आधी पोचतो.
मी सवयीने खिडकी लावून घेते.
आत सुकवलेल्या जिभा,
कडक, मिठाने पांढुरक्या,
सगळ्यांचे डोळे वर.

तो पडद्यावरच्या कोऱ्या जागेवर
काजळलेलं बोट टेकवतो.
"लखो, बेन," म्हणतो.
"चार."