पाचाच्या आत

ओतिलियाबाईंनी मॉनिटर आणला
उशीच्या अभ्र्यात गुंडाळून,
वूचच्या बर्फातून, दोन ट्रामा बदलून.
काउंटरवर ठेवला. बोट टेकवलं :
इथे.

भिंग लावलं तेव्हा कुठे दिसला.
एक ठिपका, मेलेला.
बाकीचे वीस लाख धडधाकट.

मी नियम वाचून दाखवला :
पाच मेल्याशिवाय वॉरंटीत बसत नाही.

"नेमका त्याच्या डाव्या डोळ्यात येतो," म्हणाल्या,
"दर रविवारी.
मुलगा नॉर्वेत असतो. बोटीवर."

फॉर्मवर मी पाच लिहिलं.
मग पाचाचे सहा केले.
वर कुणी मोजायला बसलंच
तर एखादा जिवंत निघायचा.

अभ्रा त्यांनी नीट घडी घालून परत नेला.
पावती विसरल्या.