मॅग्नेशियम थोडं जास्त

उम्म अल क्वैनच्या खाडीतून
खलफान ओहोटीला गाळ काढून देतो,
चहाचा चमचा भरेल एवढा.
त्यात चारशे-साडेचारशे कवचं.
ब्रशचा एकच केस ठेवून बाकीचे कापलेत,
त्या केसाने मी ती उचलते.

एका पेशीचा जीव,
आणि घर बांधायची केवढी हौस!
खोलीला खोली जोडत, वळत वळत,
जसे पैसे येतील तसं वाढवत नेलेलं बांधकाम.
सामान कुठून आणणार?
दाराशी जे पाणी, त्यातलंच.
कॅल्शियमच हवं असतं त्याला,
पण इथे मॅग्नेशियम रांग सोडून पुढे घुसतं.
ऑगस्टात पाणी चौतीस अंशांवर,
मीठ लिटरला चाळीस ग्रॅमच्या वर,
मग एका विटेच्या जागी दुसरीच वीट बसते.
भिंत उभी राहते.
किंचित वेगळी.

ती वाचायची तर आधी आम्लात विरघळवायची.
पहिल्या वर्षी माझा हात थांबायचा.

खलफान पलीकडची चिमणी दाखवतो,
खारं पाणी गोडं करायचा कारखाना.
गोडं तुमच्या नळाला, म्हणतो,
उरलेलं मीठ परत यांच्या अंगणात.
आणि नांगर टाकून सिगारेट पेटवतो.

कासरगोडच्या बशीरने एकदा
औषधाच्या डबीतून मुतखडा आणला.
माझा आहे, म्हणाला, यंत्रात घाल ना.
नियमात बसत नाही, म्हटलं.
सहा वाजता सगळे गेल्यावर घातला.
अर्धाच; अर्धा त्याला जपून ठेवायचा होता.
कागद आला: कॅल्शियम, बरंचसं.
मॅग्नेशियम. पुसटसं स्ट्रॉन्शियम.
बशीरने तो प्रगतिपुस्तकासारखा वाचला,
'एकवीस वर्षं,' एवढंच म्हणाला,
आणि घडी करून पासपोर्टात ठेवला.

मे महिन्यात वेंगुर्ल्याला
विहिरीचं पाणी प्यायले, आणि थबकले.
पाण्याला चव होती.
जांभ्या दगडाची, तांब्याच्या कळशीची,
थोडी शेवाळाची.
आई म्हणाली, काय गं, कडू आहे का?
नाही, म्हटलं, आणखी दे.

आज नमुना सत्तावीस.
उत्तर काठ, खारफुटीच्या मुळांशी.
एक कवच, भिंगाखाली दुधासारखं पांढरं,
शेवटची खोली अर्धीच.
भिंतीची कड पातळ होत होत
नुसत्या प्रकाशावर येऊन थांबलेली.
पाणी बिघडलं, की कुणी खाल्लं,
की बांधणाराच कंटाळला,
यंत्राला विचारता येईल.

आम्लाची बाटली उघडली आहे.
जरा वेळाने, म्हणते मी,
आणि झाकण लावते.