सहा चाकं

ती चौघं पहिल्यांदा आली तेव्हा
मला वाटलं, एसीच्या ब्रॅकेटचं काम असेल.
शारजा, इंडस्ट्रियल एरिया दहा, दुपारचे दोन.
पुढे हिस्सा, अबायाच्या बाहीला ग्रीस.
मागे जोबिन, अर्श,
आणि आपल्याकडची एक, शाल्मली खोपडे.

कागद पसरला :
सहा चाकं, ॲल्युमिनियमची,
व्यास अडीचशे, जाडी दीड मिलिमीटर, वर चोवीस दाते.
'कशासाठी?'
'मंगळासाठी,' हिस्सा म्हणाली,
गिरणीत डबा ठेवून 'ज्वारी' म्हणावं, तशी.

मी शिरोलीचा. तिथे फाउंड्रीत एकोणीस वर्षं
पंपाचे इंपेलर कातले, ट्रॅक्टरचे हब कातले.
चाक म्हणजे ज्यावर वजन येतं,
एवढंच मला ठाऊक.
हे तर तव्याएवढंही भरेना.
चकमध्ये आवळलं की चेपायचं,
सैल धरलं की थरथरायचं.
शेवटी आत लाकडाचा ठोकळा बसवला,
भोवती चिंधी,
आणि न्हाऊ घालताना बाळाची मान धरतात
तसं धरून कातलं.
चार दिवस गेले.
मालक गुलरेझ खान बिलबुक बघून
नुसता खोकला.

मग मलीहाची रात्र, जानेवारीतली.
'अंकल, चाकं तुमची आहेत, चला.'
थंडी अशी की बलुची ड्रायव्हर बशाम
इंजिनच्या बॉनेटवर हात ठेवून उभा.
शाल्मलीने लॅपटॉपमध्ये मुद्दाम उशीर घातला होता :
बटण आत्ता दाबायचं,
गाडी हलणार बारा मिनिटांनी.
'तिथे असंच असतं,' ती म्हणाली.

बारा मिनिटं आम्ही सहाजण
न हलणाऱ्या गाडीकडे बघत बसलो.
जोबिनने खबूस काढलं. गार झालेलं.

आणि हलली!
खडीवरून, दगडावरून,
एक पाय वर, एक खाली, खेकड्यासारखी,
माझे दाते खटखट वाजवत.
उतारावर मऊ वाळू लागली
आणि चाकं फिरत राहिली, गाडी नाही.
कुठे थांबायचं ते लिहायचं
अर्शकडून राहून गेलं होतं.
शाल्मलीने 'थांब' पाठवलं.
ते पोचायला बारा मिनिटं.

हिस्सा धावली. शाल्मलीने तिचं मनगट धरलं.
'तिथे कोण धावणार आहे?'

दहा पावलांवर ती रुतत होती.
आधी दाते गेले, मग आस,
मग पोट टेकलं,
तरी चाकं आपली इमानाने खोदतायत.
मला गावचं घर आठवलं.
'न्हाणीचं दार डावीकडे नको'
हा माझा निरोप पोचला तेव्हा
डावीकडे दार बसून
त्याला रंगसुद्धा लागला होता.
आजही आत जाताना कोपर आपटतं.

अर्श वाळूत बोटाने काहीतरी लिहीत होता,
पुसत होता.

बारा मिनिटं झाली. गाडी थांबली.
थांबायला उरलं तरी काय होतं!
बशाम वाकून बघून आला, म्हणाला,
'हवा काढा ना चाकातली.'
पोरं हसली. पत्र्यात कसली हवा?

मी नाही हसलो.
परतताना रस्ताभर
त्याच्या लँड क्रूझरचं टायर डोळ्यांपुढे,
वाळूत शिरण्याआधी
त्याने फुस्स करून अर्धं बसवलेलं,
उंटाच्या तळव्यासारखं पसरलेलं.

दुकानामागे एक मोडकं शटर पडलं होतं,
बंद झालेल्या बकाल्याचं.
त्याची स्प्रिंग उकलून पट्ट्या कापल्या,
हबवर कमानीसारख्या बसवल्या.
हाताने दाबलं : दबलं.
सोडलं : वर आलं.
शाल्मलीने विचारलं, 'ड्रॉइंग?'
म्हटलं, आधी चाक होऊ दे.

तीन झालीत. चौथ्याची पट्टी काल तुटली,
अंगठ्याला दोन टाके.
जुन्या सहांपैकी एकात मी नट ठेवतो, एकात चहाची साखर.
बाकीची खिळ्यावर टांगलीत. लेथ सुरू झाला
की त्यांतून थोडी थोडी वाळू गळते,
रोज झाडतो, तरी गळते.
पोरं शुक्रवारी येणार आहेत.