तीन टक्के

प्रयोगशाळेत माझं काम हवेचं.
कॉम्प्रेसरचा काटा दोनच्या वर जाऊ द्यायचा नाही,
तव्याचा साडेचारशेच्या खाली.
बाकी सगळं मबरूकाचं.

काचेच्या पट्ट्या ती मांडते बोटांच्या टोकांनी,
तान्ह्याची नखं कापावीत तशी, श्वास धरून.
मग फवारा. मग थांबणं. मग फवारा.
व्हिनेगरचा वास भिंतींनाही लागलाय;
बायको म्हणते, लख्दर, तू लोणच्याच्या बरणीत नोकरी करतोस.

पट्टी गार झाली की मला काहीच दिसत नाही.
कुठंय तुझा थर, मी पहिल्या वर्षी विचारलं होतं.
तिनं पट्टी तिरकी केली:
कडेला जांभळं, मग हिरवट, मग पुन्हा नुसती काच.
केसाच्या दोनशेव्या हिश्श्याएवढा, म्हणाली.
प्रकाश वरच्या काठावरून परततो, खालच्याही,
वाटेत दोघांची गाठ पडते,
कधी जमतं त्यांचं, कधी नाही.

जस्ताच्या शंभर घरांपैकी तीन घरांत
ती ॲल्युमिनियम बसवते.
नवा भाडेकरू एक इलेक्ट्रॉन जास्तीचा घेऊन येतो
आणि तो काही घरात टिकत नाही, गल्लीभर हिंडतो.
असे पुष्कळ हिंडायला लागले
की खालच्या पायऱ्या भरून जातात;
मागून येणाऱ्याला आणखी उंच उडी.
ज्या प्रकाशात तेवढं उचलायची ताकद नाही
तो सरळ काच ओलांडून जातो.
म्हणजे भेसळ केली तर जास्त आरपार?
हे पटायला मला दोन उन्हाळे लागले.
बाजारात भेसळ म्हटलं की माणसं तराजूकडे बघतात.
आई मात्र दुधात चमचाभर कालचं घालायची
आणि भांडं हलवू नका म्हणून ओरडायची.

मार्चमधली ती पट्टी
खजुराच्या खोक्यात, कापसावर ठेवून
ती बिस्क्राहून बसनं कॉन्स्टंटाइनला गेली. यंत्र तिथं आहे.
संध्याकाळी फोन. धड बोलता येईना तिला.
आलेखावर लाटा, लाटा, आणि मग एकदम कडा;
फूटपट्टी लावून रेघ ओढली तर तीन पूर्णांक सदतीस.
प्रोफेसर बूझियान म्हणाले, पुन्हा करून दाखव.

अकरा वेळा केलं.
तेच द्रावण, तीच नळी, तोच तवा, तोच मी.
काच दुधाळ यायची, नाहीतर आकडा घसरायचा.
वाळूचं वारं सुटलं तेव्हा तिनं खिडक्यांना ओल्या चादरी लावल्या.
दुपारचं जेवण बंद केलं. मनगटावरचं घड्याळ कोपराकडे सरकायला लागलं.

जूनमध्ये, चहा ओतता ओतता, मला आठवलं:
मार्चमध्ये तीन दिवस डिस्टिल्ड पाणी संपलं होतं.
कॅन मी भरून आणला होता
भावाच्या बागेतल्या विहिरीवरून.
पाणी ते पाणी, असं वाटलेलं.

सांगू की नको. चहा गार झाला.
सांगितलं.

ती ओरडली नाही. वही उघडली,
मार्चच्या पानावर, ॲल्युमिनियम तीन टक्के, त्याच्या खाली
लिहिलं: लख्दर, किती ते माहीत नाही.
मग म्हणाली, उद्या बाटली आण. लेबल लावून.

रात्री बागेत गेलो. भावानं गेल्या हंगामातला
एक देग्लेत नूर हातावर ठेवला.
दिव्यासमोर धरला तर आतली बी दिसत होती,
मधात बुडालेल्या काडीसारखी.
खाल्ला नाही. खिशात टाकला.
विहिरीत बादली सोडली.
पाण्याला टेकल्याचा आवाज यायला बराच वेळ लागला.