गुणी

आधी टाच मुठीत धरून ऊब द्यायची.
मग कडेला टोचायचं, मधोमध नाही.
पहिला थेंब पुसून टाकायचा,
दुसरा कागदाला.
गोल भरले की कार्ड आडवं ठेवायचं, उन्हात नको,
सिव्हिलच्या त्या खिडकीशी, जिथे डिसेंबरात
दुपारीसुद्धा काही लवकर वाळत नाही.

एकोणीस वर्षं.
बहुतेक कार्डांतून काहीच निघत नाही.
काही निघू नये, म्हणूनच तर टोचायचं.

गुरुवारी निघालं.
हिरूबाई भोये यांचे बाळ, मुलगी,
टीएसएच शंभराच्या वर.
कार्डावरचा फोन लावला, तो मुकादमाचा.
कोण हिरू? माझ्या टोळीत तीन हिरू हायेत.
मग म्हणाला, सुरगाण्याची का, बाळंतीण?
मोहाडीच्या पुढं, बागेत.
डिपिंग चालूये, आज कुणाला सोडत नसतो.

गाडी मिळाली नाही.
नवऱ्याच्या स्कूटरवर मागे बसून गेले.

मांडवाखाली द्राक्षाचा क्रेट,
क्रेटमध्ये लुगड्याची घडी,
घडीत अकरा दिवसांची ती, अजून पिवळसर,
पोट जरा वर आलेलं.
लई गुणी हाये, हिरू म्हणाली.
रडतच नाही. पाजायलासुद्धा उठवावी लागती.

किती अभिमानानं म्हणाली.
मी पिशवीतले कागद उगाच सारखे करत बसले.

शेवटी म्हटलं, गळ्यात एक गाठोडी असते,
इथे, तिच्यातून एक रस...
लहानू ओळीतून बाहेर आला,
कोपरापर्यंत ओला, हातात बादली.
म्हंजे संजीवक कमी पडलं?
हो.
दिवस किती झाले?
अकरा.
त्यानं बादली खाली ठेवली.
छाटणीपासून दिवस मोजणारा माणूस,
दिवस हुकला की मणी बारीकच राहतो,
मग घड कितीदाही बुडवा, हे त्याला
मी काय सांगणार.
पलीकडून मुकादम ओरडला, खाडा धरीन!
धर, लहानू म्हणाला,
आणि क्रेटच उचलला.

दीड गोळी. चमच्यात चुरायची,
आईच्या दुधाचे चार थेंब,
रोज सकाळी, चुकवायची नाही.
हिरूनं ते तीनदा म्हणून दाखवलं.

संक्रांत होऊन गेल्यावर
मुकादमाच्याच नंबरवरून फोन.
बाई, तुमची ती पोरगी
रातभर टोळीला झोपू देईना, काय करावं?

नोंदवहीत शेवटचा रकाना शेऱ्याचा असतो.
तिथे लिहिलं, रडते.
वर साहेबांची सही घ्यायची राहिलीय.