दुसऱ्या रेघेवर

दोना इरासील्दिसने पिल्लू आधी दाखवलंच नाही.
खुर्च्या दिल्या, गार तेरेरेचा पेला फिरवला,
मग बाबांच्या बोटांकडे बघत म्हणाली,
"सिगरेट?"
"सोडली. एकोणीस वर्षं झाली."
"मांजर? नॉनस्टिकचा तवा?
दुपारचं घरी कोण असतं?
शेजारी आरडाओरडा कितपत सोसतात?"

आलो होतो विकत घ्यायला,
आणि बसलो होतो स्थळ म्हणून आल्यासारखे,
चौकशी चाललेली आमच्याच घराण्याची.

"दाणा स्वतः फोडेपर्यंत मी पिल्लू देत नाही.
भरवायच्या सिरिंजसकट जो विकतो ना,
तो पिल्लू नाही, घाई विकतो."

मग आणलं.
निळ्या पाठीचं, पोटाला ओली हळद,
पांढऱ्या गालावर काळ्या पिसांच्या बारीक रेघा,
कुणी घाईत टाके घातल्यासारख्या.
पायात अखंड कडी.
"ही डोळे उघडायच्या सुमारास घालायची,
बोटं मऊ असताना. मोठेपणी चढत नाही.
म्हणजे रानातून उचललेल्याला
ही घालताच येत नाही."

बाबा कडीवरचा नंबर वाचत राहिले
चष्मा कपाळावर ठेवूनच.

"याआधी मकाव हाताळलेत?"
तिनं सहज विचारलं.

पेल्यातली नळी कोरडी वाजली.

आईला ठाऊक असावं. मला नव्हतं.
"सत्त्याऐंशी साल," बाबा म्हणाले,
"ट्रकचे हप्ते थकले होते.
प्लॅस्टिकच्या पायपात एकेक पिल्लू,
ओरडू नये म्हणून दारूत भिजवलेला पाव,
आणि वरून कलिंगडं.
बावीस भरली. साओ पावलोला उतरवली तेव्हा
पाच हलत होती.
पैसे पाचांचेच मिळाले."

सतरांचं काय केलं, ते बोलले नाहीत.
तिनंही विचारलं नाही.
उठली, पिल्लू खांद्यावर घेतलं, आत गेली.

मी गाडीची किल्ली चाचपली.
बाबा पायाखालची लाल माती
बुटाच्या टोकानं सपाट करत बसले.
बराच वेळ.

परत आली ती कागद घेऊन.
"दर तीन महिन्यांनी येईन. न कळवता.
वजन घेईन, पिसं बघीन,
पसंत पडलं नाही तर उचलून आणीन.
वय?"
"एकाहत्तर."
"हा साठ वर्षं जगेल.
दुसऱ्या रेघेवर कोणाचं नाव लिहू?"

आणि बघितलं माझ्याकडे.
मी तर नुसती गाडी चालवायला आले होते.
रविवार होता, कपडे वाळत घालायचे राहिले होते,
बाबांचं बरंच काही नाकारत
मी चाळिशीपर्यंत पोचले होते.

लिहिलं: जुसेलिया.
आडनाव लिहिताना पेन अडलं, झटकून लिहिलं.

पाचच्या सुमाराला माथ्यावरून जोडी गेली,
रानातली, ताडांकडे,
भांडत भांडत, संसार चालल्यासारखी.
पिल्लानं मान वाकडी करून एक डोळा आभाळाला लावला.
बाहुली लहान-मोठी, लहान-मोठी.
दोनानं वर बघितलं, मी बघितलं.
बाबांनी पिंजऱ्याचा कोयंडा पुन्हा तपासला.

ज्या माणसानं रात्र-रात्र
नव्वदच्या खाली काटा येऊ दिला नाही,
तो मला चाळीसवर म्हणतो, "हळू. खड्डा आहे."
पिंजरा मांडीवर, पट्टा दोघांना मिळून एक.

महामार्गावर पोलिसांची चौकी आली.
कोणी थांबवलं नव्हतं.
बाबांनी काच खाली केली,
पावती, परवाना, कडीचा नंबर,
सगळं हातात धरून हात बाहेर काढला.

शिपाई मोबाइलमध्ये होता.
जा, जा, म्हणून त्यानं मान हलवली.

चौकी आरशात लहान होत गेली.
काच उघडीच होती.
वाऱ्यात कागद फडफडत होते,
हात अजून बाहेर होता.